लॅडरमधला फोर्स आणि पेशीतला फोर्स: जनुकांच्या लॉजिक नेटवर्कवर ताबा मिळवायला कुठलं मॉडेल धरावं?

शिरोली_पॅनेल (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, जरा सविस्तर लिहितो.

मी शिरोली एमआयडीसीत सोळा वर्षं पीएलसीचं काम करतोय, म्हणजे यंत्रं चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचं. त्याचे नियम शिडीसारख्या ओळींत लिहितात, त्याला लॅडर म्हणतात. फौंड्रीचे सँड प्लांट, मोल्डिंग लाइन, भट्टीची पॅनेल. शिक्षण इलेक्ट्रिकल डिप्लोमा, जीवशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच. पुतणी शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करते. तिला प्रोजेक्टला विषय मिळालाय: जनुकांचं बुलियन नेटवर्क घ्यायचं आणि कमीत कमी जनुकांना हात लावून ते आपल्याला हव्या त्या अवस्थेत न्यायचं. गणपतीत घरी आली तेव्हा वही पुढं टाकून म्हणाली, "काका, ह्यातलं निम्मं तुमचंच आहे, बघा की."

बघितलं. जनुक एक तर चालू, नाहीतर बंद. प्रत्येकाचा एक नियम: हे चालू असेल आणि ते बंद असेल तर मी चालू. तिच्याकडं यीस्टच्या पेशीचक्राचं नेटवर्क आहे, २००४ साली छापलेलं. ११ नोड (चालू-बंद होणारे घटक), म्हणजे २०४८ अवस्था. त्यातल्या १७६४ अवस्था कुठूनही सोडा, फिरून एकाच स्थिर अवस्थेला येऊन थांबतात. पेशी विभागणीआधी जिथं वाट बघत बसते ती ही अवस्था. उरलेल्या २८४ दुसऱ्या सहा स्थिर अवस्थांकडं जातात. तिला त्या २८४ सुद्धा मोठ्या वाटेवर आणायच्या आहेत.

सरांनी तिला सांगितलंय की जीवशास्त्रातून स्फुरलेली संगणन-मॉडेलं वाच. ती वाचते, मला सांगते, मी रात्री जेवण झालं की वही घेऊन बसतो. आणि त्यातल्या एकानं माझी झोप उडवली. रिअ‍ॅक्शन सिस्टिम. एरेनफॉइख्ट आणि रोझेनबर्ग या दोघांनी २००७ मध्ये मांडलेली. तिथं प्रत्येक अभिक्रियेला तीनच गोष्टी: काय हजर पाहिजे, काय हजर नको, आणि काय तयार होणार. मी पुतणीला म्हटलं, अगं ही लॅडरची एक ओळ आहे! हजर पाहिजे ते एनओ कॉन्टॅक्ट (बिट चालू असला की जुळणारा), नको ते एनसी कॉन्टॅक्ट (बिट बंद असला की जुळणारा), तयार होतं ती कॉइल (ओळ जुळली की चालू होणारा बिट). एकच वस्तू दोन अभिक्रियांतून तयार होत असेल तर त्या दोन समांतर फांद्या.

एवढंच नाही. त्या मॉडेलमध्ये कुठलीच वस्तू आपोआप टिकत नाही. पुढच्या पायरीला ती कुणी पुन्हा तयार केली तरच राहते. साधी कॉइल अशीच की! ओळ तुटली की पडली. टिकवायची असेल तर तिचाच कॉन्टॅक्ट लावून होल्डिंग घ्यावं लागतं. त्यांच्याकडं होल्डिंग म्हणजे 'अ' हजर असेल तर 'अ' तयार होतो अशी एक जादा अभिक्रिया. आणि मूळ व्याख्येत 'हजर पाहिजे' हा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून नुसता नकाराचा नियम लिहायचा असेल तर सतत हजर असणारी एक वस्तू बाहेरून घालत राहायची. मित्सुबिशीच्या पीएलसीवर काम केलेल्यांना लगेच कळेल, आपला एम८०००. कायम चालू असलेला बिट.

आता माझी अडचण. मी सगळ्यात सोपं नेटवर्क घेतलं. मोटर सुलट-उलट फिरवणारा फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टर. अ चालू असेल तर ब नाही, ब चालू असेल तर अ नाही. पुतणी म्हणते जनुकांत हेच असतं, दोन जनुकं एकमेकांना दाबून धरतात, आणि २००० साली जिवाणूत असा स्विच मुद्दाम बांधून दाखवलाय. पायथनमध्ये लिहिलं. १० ला (अ चालू, ब बंद) सोडलं, १० ला राहिलं. ०१ ला सोडलं, तिथंच राहिलं. बरोबर. खरं ०० ला सोडलं तर ११, मग ००, मग ११, असं उघडझाप करत बसलं. माझ्या पॅनेलमध्ये असं कधी झालेलं नाही. झालं असतं तर दोन्ही कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारे स्विच) एकदम ओढले जाऊन फेज टू फेज शॉर्ट झाला असता.

दुसरं, फोर्सचं. आम्ही चालू प्लांटमध्ये एखादा बिट फोर्स करतो, म्हणजे ओळ काहीही म्हणो, तो हातानं चालू किंवा बंदच धरून ठेवतो, काम झालं की काढतो. एका फौंड्रीत रात्रपाळीला हॉपरच्या लेव्हल स्विचचा बिट फोर्स करून मिक्सर चालवला आणि फोर्स काढायचा राहून गेला. सकाळी मी गेलो तर हॉपर भरून वाहत होता, बकेट एलिव्हेटरच्या बुडापर्यंत वाळू. कुणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून फोर्स म्हटलं की माझा पहिला प्रश्न 'काढणार कधी?' हाच असतो. पुतणीच्या वहीत जनुक ० ला किंवा १ ला 'खिळवायचं' एवढंच आहे, कधी सोडायचं ते कुठंच नाही.

तर विचारायचं असं: ती उघडझाप खरी की मॉडेलचा दोष? खिळवून ठेवायचं किती वेळ? आणि ताबा मिळवायच्या कामाला रिअ‍ॅक्शन सिस्टिम धरावी, का मेंब्रेनवालं मॉडेल, का जेनेटिक अल्गोरिदम? तिघांचीही नावं एकाच यादीत आहेत आणि मला ती एका जातीची वाटत नाहीत.

गणितवेडी (सांगली)

दादा, लॅडर आणि रिअ‍ॅक्शनची जोडी वाचून मी वर्गात उद्याच सांगणार आहे. मी कॉलेजात डिस्क्रीट मॅथ्स शिकवते.

उघडझापीचं आधी. तुमच्या पायथनमध्ये अ आणि ब दोन्ही एकाच क्षणी जुनी अवस्था बघून बदलतात. दोघंही बघतात की समोरचा बंद आहे, दोघंही उठतात. मग दोघंही बघतात की समोरचा चालू आहे, दोघंही बसतात. याला समकालिक पद्धत म्हणतात. स्टुअर्ट कॉफमन यांनी १९६९ मध्ये जनुकांची बुलियन नेटवर्कं मांडली ती याच पद्धतीनं. तुमचा पीएलसी असं करत नाही. तो पहिली ओळ सोडवतो, अ चा बिट १ करतो, आणि दुसऱ्या ओळीवर येतो तेव्हा अ आधीच १ झालेला असतो, म्हणून ब उठतच नाही. ०० वरून तुम्ही नेहमी १० ला जाणार. ओळी उलट्या क्रमानं लिहिल्यात तर ०१ ला.

पेशीत ओळींचा असा ठरलेला क्रम नसतो, आणि सगळी जनुकं एका ठोक्याला बदलतात असंही नसतं. रेने टोमा यांनी १९७० च्या दशकात यावरच बोट ठेवलं आणि एका वेळी एकच नोड बदलू द्या, कुठला ते मोकळं ठेवा, अशी असमकालिक पद्धत वापरली. तशी तुमचा स्टार्टर चालवा. ०० वरून एक तर १० नाहीतर ०१, उघडझाप नाहीशी. स्थिर अवस्था मात्र दोन्ही पद्धतींत त्याच राहतात, कारण जिथं कुणालाच बदलायचं नाही तिथं कोण आधी हा प्रश्नच येत नाही. म्हणून यीस्टच्या त्या सात स्थिर अवस्थांवर विश्वास ठेवा. १७६४ हा आकडा मात्र समकालिक पद्धतीचा आहे, पद्धत बदलली की ही विभागणी तशीच राहील असं धरू नका.

आता 'किती वेळ'. तुमच्याच स्टार्टरवर करून बघा. अवस्था १०, तुम्हाला ०१ हवी. ब ला १ वर फोर्स करा, झाली ११. पुढच्या पायरीला अ पडतो, पण फोर्स काढला असेल तर ब सुद्धा पडतो, ००. पुढं तुमची उघडझाप. फोर्स आणखी एक पायरी धरून ठेवलात तर ०१ येते, मग सोडा, जागेवर राहते. म्हणजे एका पायरीचा फोर्स बिघडवतो आणि दोन पायऱ्यांचा काम करतो. असमकालिकमध्ये नियम आणखी सरळ: अ पडलेला दिसेपर्यंत ब सोडायचा नाही. पुतणीला सांगा, वहीत 'कुठलं जनुक' याच्या शेजारी 'कधीपर्यंत' हा रकाना पाहिजेच.

भोगावती_काठ (राधानगरी)

मी पाटबंधाऱ्यात होतो, निवृत्त झालो. तुमचं जनुकांचं मला कळत नाही, पण ताब्याचं कळतं.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात, उतरलं की मिटतात. तिथं माणसाचा हात नाही. आपल्या हातात काय, तर वीजगृहातून आधीपासून पाणी सोडत राहणं. आणि खाली नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) आपण घालतो आणि पावसाळ्याआधी काढतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोक्याची. पाणी तिथं पोचल्यावर बरगे काढायला जाता येत नाही.

मला म्हणायचंय एवढंच की सगळं नेटवर्क समोर मांडलं तरी हात कुठं लावता येतो आणि कुठल्या वेळेपर्यंत लावता येतो हे आधी वेगळं लिहून काढा. आम्ही पावसाळ्याआधीच्या बैठकीत पहिलं तेच करायचो.

पेशीघर (पुणे)

काकांनी दोन ओळींत माझं अर्धं काम सांगितलं. मी पेशींच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळं हात कुठं लागतो ते सांगते.

पहिली गोष्ट, औषधं बहुतेक करून दाबणारी असतात. एखाद्या प्रथिनाचं काम बंद पाडणं जेवढं जमतं तेवढं सुरू करणं जमत नाही. त्यामुळं उत्तरात 'हे जनुक १ वर खिळवा' असं आलं तर कागदावर ते एकच नोड असतं, पण प्रत्यक्षात ते दोन नोड ० वर खिळवण्यापेक्षा अवघड असू शकतं. नुसती संख्या कमी करण्यापेक्षा प्रत्येक फोर्सला त्याची किंमत लावा.

दुसरी. तुम्ही कॉइल फोर्स करता, तसं कधी एखाद्याच कॉन्टॅक्टवर जंपर टाकता ना? म्हणजे तो बिट बाकी सगळीकडं आपलं काम करतो, फक्त या एका ओळीत त्याचं कुणी ऐकत नाही. पेशीतही दोन्ही आहेत. जनुकच काढून टाकलं तर कॉइल गेली. पण एखाद्या उत्परिवर्तनानं किंवा रेणूनं दोन प्रथिनांची फक्त एकमेकांशी गाठ पडू दिली नाही तर तो जंपर. बुलियन नेटवर्कच्या ताब्यात नोड गोठवणं आणि बाण (एका नोडचा दुसऱ्यावरचा परिणाम) गोठवणं हे दोन्ही अभ्यासतात. कॉन्टॅक्टवरचा फोर्स जास्त नेमका असतो, कारण बाकी वायरिंग शाबूत राहतं.

तिसरी, 'काढणार कधी' याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांच्या गटानं उंदराच्या त्वचेसारख्या पूर्ण वाढलेल्या पेशींना पुन्हा मूळ पेशींसारखं (कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणारं) केलं. २४ जनुकांच्या यादीपासून सुरुवात केली आणि गाळत गाळत चारांवर आले. २०१२ ला नोबेल मिळालं. ही चार जनुकं विषाणूच्या साहाय्यानं आत घातली होती, आणि पेशी पूर्ण पलटल्यावर बाहेरून घातलेल्या त्या प्रती शांत होतात. तरी पेशी मागं फिरत नाही, कारण आतली स्वतःची जनुकं आता एकमेकांना धरून आहेत. तुमच्या भाषेत, फोर्स निघाला आणि होल्डिंग लागलं.

गाळण्याची त्यांची रीतही बघा. २४ सगळी एकत्र घालून काम होतंय ना ते बघितलं, मग एकेक काढत गेले. सगळ्या जोड्या तपासत बसले नाहीत.

गणितवेडी (सांगली)

मॉडेलांचं राहिलं होतं. दादा, तुमची शंका बरोबर आहे, ती तीन नावं एका जातीची नाहीत.

जेनेटिक अल्गोरिदम (जॉन हॉलंड, १९७५ चं पुस्तक) किंवा मुंग्यांची पद्धत (मार्को डोरिगो, १९९२) ही शोधायची हत्यारं आहेत. नेटवर्क काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुम्ही म्हणता 'हे तीन नोड खिळवले', ती चालवून गुण देतात आणि जास्त गुणांच्या निवडी एकमेकांत मिसळत जातात. चांगलं उत्तर देतील, पण याहून लहान उत्तर नाही असं सिद्ध करून देणार नाहीत.

आणि ११ नोडांना त्यांची गरजच नाही. एक नोड खिळवायचे २२ प्रकार. दोन खिळवायचे २२०. तीन खिळवायचे १३२०. प्रत्येकासाठी २०४८ अवस्था सोडून बघितल्या तरी साधा लॅपटॉप ते चहा होईपर्यंत करेल. पुतणीनं आधी हेच करावं, म्हणजे खरं उत्तर हातात असेल आणि पुढची हत्यारं त्यावर पारखता येतील. नेटवर्क साठेक नोडांचं झालं की गोष्ट बदलते. ६० पैकी पाच खिळवायचे प्रकार १७ कोटी ४७ लाखांच्या वर जातात, आणि अवस्था २ चा ६० वा घात, म्हणजे एकावर अठरा शून्यांपेक्षा जास्त. अकुत्सू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बुलियन नेटवर्कच्या ताब्याचा प्रश्न सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड आहे, म्हणजे मोठ्या नेटवर्कला नेहमी झटपट खरं उत्तर देणारी रीत कुणाला माहीत नाही. नेटवर्क झाडासारखं असेल, म्हणजे वळसे नसतील, तर मात्र सुटतो. जनुकांत वळसे असतातच.

रिअ‍ॅक्शन सिस्टिम आणि मेंब्रेन मॉडेल ही मांडायच्या भाषा आहेत. मेंब्रेनवालं गेओर्गे पाउन यांनी १९९८ मध्ये मांडलं, म्हणून त्याला पी सिस्टिम म्हणतात. पेशीच्या पडद्याआत वस्तूंचा ढीग आणि त्यावर चालणारे नियम. त्याचं एक बुलियन रूप आहे: ढीग म्हणजे चालू असलेल्या नोडांचा संच, नियम म्हणजे 'अमुक अट खरी असेल तर हे काढ, ते घाल'. मला हे का आवडतं सांगते. यात नियम एका बाजूला आणि 'एका पायरीला कुठले नियम मिळून चालायचे' हे दुसऱ्या बाजूला लिहिता येतं. एकेक चालवा, असमकालिक. सगळे चालवा, समकालिक. तुमच्या पीएलसीसारखा क्रम लावा, तोही बसतो. नियमांना हात न लावता. आणि ताबा मिळवणारा म्हणजे वरून आणून सोडलेले आणखी काही नियम, त्याच ढिगावर चालणारे. नेटवर्क आणि त्याला ढकलणारा हात, दोन्ही एकाच भाषेत. मग 'आधी हे खिळव, ते पडेपर्यंत थांब, मग ते सोड' असा क्रमवार ताबा लिहायला वेगळं यंत्र लागत नाही.

रिअ‍ॅक्शन सिस्टिममध्ये ताबा बाहेरून प्रत्येक पायरीला घातलेल्या वस्तूंमधून येतो. तिथं एक अडचण तुम्हाला लगेच दिसेल: बाहेरून घालता येतं, काढता येत नाही. जनुक ० वर खिळवायचं कसं?

शिरोली_पॅनेल (कोल्हापूर)

ताई, स्टॉप पुशबटन! त्या जनुकाच्या प्रत्येक ओळीत एक जादा एनसी कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये टाकायचा, आणि थांबवायचं असेल तेव्हा तो बिट बाहेरून द्यायचा. बटन सोडलं की ओळ पुन्हा पूर्ववत. आणि जंपर म्हणजे तो कॉन्टॅक्ट एकाच ओळीत बदलायचा.

गणितवेडी (सांगली)

अगदी तेच करतात.

शिरोली_पॅनेल (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पुतणी आली होती, सकाळी मिसळ खाऊन बसलो ते दुपारपर्यंत. तिला हा धागा पूर्ण वाचून दाखवला. भोगावती काठच्या काकांचं वाचून झाल्यावर तिनं वहीत ११ जनुकांची नावं उभी लिहिली आणि पुढं तीन रकाने आखले: दाबता येतं का, चालू करता येतं का, कधीपर्यंत धरायचं. पहिले दोन ती तिच्या सरांकडून भरून आणणार.

स्टार्टरचा खेळ दोघांनी चालवला. एक पायरी फोर्स, उघडझाप. दोन पायऱ्या, ०१ वर बसला. असमकालिकमध्ये लवकर सोडला तर कधी इकडं, कधी तिकडं. हे बघताना मला आमचा जुना नियम आठवला, रिव्हर्स द्यायच्या आधी फॉरवर्डचा कॉन्टॅक्टर पडल्याचा आवाज ऐकायचा. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. पॅनेलला कान लावून उभं करायचे.

यीस्टच्या नियमांत मला एक सापडलं, ते इथं नोंदवतो, कारण तिच्याकडून सुटलं होतं. त्या नेटवर्कात नोडला चालू करणारे बाण अधिक आणि दाबणारे उणे धरून बेरीज करतात, ती शून्य आली तर नोड आहे तसा राहतो. म्हणजे होल्डिंग नियमातच दडलेलं आहे. रिअ‍ॅक्शनमध्ये उतरवताना ते वेगळं लिहिलं नाही तर टिकणारी जनुकं पुढच्याच पायरीला पडतात आणि सात स्थिर अवस्था जुळत नाहीत. आम्ही पहिल्या फेरीत तेच करून बसलो होतो. जादा ओळी घातल्या, मग सातही जुळल्या.

२२ आणि २२० चे प्रकार तपासायचं काम तिनं घेतलंय. "मी करतो काका, तुम्ही नुसतं बसा," म्हणाली. आर भाषेत बूलनेट नावाचं पॅकेज आहे, त्यात जनुक खिळवायची सोय आहे आणि दोन्ही पद्धती चालतात, ते ती वापरणार. मी तेच पी सिस्टिमच्या रीतीनं, नियम वेगळे आणि क्रम वेगळा ठेवून पायथनमध्ये लिहायला घेतलंय, म्हणजे दोघांचं जुळतं का बघता येईल. ताई, क्रमवार ताब्यात 'ते पडेपर्यंत थांब' ही अट ताबा मिळवणाऱ्या नियमात लिहायची, तर त्याला नेटवर्कची आतली अवस्था दिसते असं धरावं लागतं. पेशीत ती मधेच बघता येते का, हे पेशीघर ताईंनी सांगावं. नाही दिसत असेल तर आम्हाला टायमर लावावा लागेल, आणि टायमर किती पायऱ्यांचा ते सगळ्या क्रमांना पुरेल असं काढावं लागेल.